नोंदवहीचा रकाना

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, सकाळी सव्वानऊला,
रावजीभाई परमार माझी पिशवी टेबलावर उलटी करतात.
मोबाईल एक. डबा एक.
"आ शूं छे, बेन? पेन ड्राइव्ह?"
मी नाही म्हणते.
ते डोंगल चिमटीत धरून उजेडाकडे करतात:
निळं, अंगठ्याच्या पेराएवढं,
टोकाला तुळाजीरावांनी बांधलेला काळा दोरा.
नोंदवहीला रकाने तीनच,
मोबाईल, पेन ड्राइव्ह, इतर,
आणि ‘इतर’मध्ये कुणाची तरी छत्री
गेल्या आठवड्यापासून पाय पसरून बसलेली.
रावजीभाई थोडा विचार करतात
आणि मधल्या रकान्यात लाल पेनने एक आकडा टाकतात.

आत पंचिंग मशीन चार दिवस गप्प.
पत्र्यावर आकार मांडून देणारं सॉफ्टवेअर
एकच घोकत होतं, परवाना सापडत नाही.
परवाना तर समोर खोचलेला, दिवा हिरवा.

चूक कुणाचीच नव्हती.
हेड ऑफिसने सोमवारी हुकूम काढला,
यापुढे कुठल्याही कॉम्प्युटरने
कुठलीही बाहेरची ड्राइव्ह ओळखायची नाही.
आणि आमचं हे येडं, लावल्या लावल्या
पहिलं वाक्य तेच बोलायचं:
मी ड्राइव्ह. मला एक अक्षर द्या.
अकरा वर्षं मिळालंही, कधी एफ, कधी जी.
उघडून पाहिलं तर आत
ठेवलेलं काही नाही, ठेवायला जागा नाही.
उंबरठा तेवढा, मागे घर नाही.

"त्याच्या वाटेला जाऊ नकोस," तुळाजीराव
निवृत्त होताना म्हणाले होते,
"चालतंय तोवर चालू दे."

मोड बदलता येतो. पण बदलायला
आधी त्याला ओळखणारा कॉम्प्युटर लागतो,
आणि अख्ख्या कारखान्यात तसा एकही उरला नव्हता.
म्हणून काल रात्री, चिठ्ठीवर सही घेऊन,
ते माझ्याबरोबर दांडिया बाजारात आलं,
खिचडीच्या पातेल्याशेजारी बसलं.
मुक्ताचा लॅपटॉप, काळी खिडकी, एक ओळ.
एक आकडा चुकला, पुन्हा टाकला.
उत्तर आलं: बदल नोंदला. काढून पुन्हा लावा.

हे मात्र मला माहीत नव्हतं,
की नोंद झाल्यावरही, काढेपर्यंत,
ते जुनंच असतं.
मी काढलं. दिवा विझला.
मुक्ता पापड मोडता मोडता म्हणाली,
"आई, मग आत्ता ते कोण आहे?"
मी म्हटलं, आत्ता ते माझ्या हातात आहे.

लावलं.
टुंग वाजलं, पण कुठलीच खिडकी उघडली नाही.
अक्षर मागितलं नाही त्याने.
यादीत खाली खाली जात शोधलं, तर सापडलं
कीबोर्ड आणि माऊसच्या ओळीत, अगदी शेवटी,
माणसाच्या हाताशी बोलणाऱ्यांत.
परवाना तोच. त्याच्यातलं कुलूप तेच.
दारात नाव सांगायची रीत तेवढी वेगळी.

आज दहाला धवलने पहिला पत्रा चढवला.
मशीनने खडखड सुरू केली
आणि चार दिवसांत पहिल्यांदा
कुणीतरी चहा आणायला पळालं.
मी तुळाजीरावांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.
दुपारी त्यांचा आला, मी डबा खात होते.
"दोरा आहे ना अजून?" एवढंच विचारलं.

सहा वाजता गेटवर पुन्हा पिशवी उलटी.
मोबाईल एक. डबा एक, रिकामा.
"सकाळचा पेन ड्राइव्ह?"
आत राहिला, म्हणाले, तो पेन ड्राइव्ह नाहीच,
तो नसला तर मशीन उघडत नाही.
रावजीभाईंनी चष्मा वर केला, लाल आकडा खोडला,
वहीत समास सोडलेला असतो त्या जागेत
गुजराती अक्षरांत लिहिलं, चावी.
मला म्हणाले, वाचून घ्या, बरोबर आहे का.
आम्ही घरी किल्ली म्हणतो.
बरोबर आहे, मी म्हणाले, आणि सही केली.

छत्री कुणाची, ते अजून कळलेलं नाही.